गावाच्या आरोग्यासाठी पैसा कुठून येतो? जामखेडचा अनुभव आणि गावांना मिळू शकणारे निधी

हजार लोकवस्तीच्या गावाला आरोग्यासाठी थेट स्वतःच्या हातात वर्षाला किती पैसे मिळतात? राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या निकषांनुसार गावच्या आरोग्य समितीला १० हजार रुपये. म्हणजे माणशी वर्षाला १० रुपये, एका चहाची किंमत.

दुसरीकडे, १५व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला देशभरासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती. त्यातले ४३,९२८ कोटी ग्रामीण भागासाठी होते.

म्हणजे पैसा अजिबात नाही, असं नाही. पण तो अनेक खात्यांत विभागलेला आहे, प्रत्येक खात्याच्या अटी वेगळ्या आहेत आणि गावातल्या बहुतेकांना त्यातली निम्मी खातीही माहीत नसतात. शिवाय इमारत, रुग्णवाहिका, मशिन यांच्यासाठी पैसा तुलनेने लवकर मिळतो. घरोघरी जाणाऱ्या बाईसाठी, तिच्या प्रशिक्षणासाठी, देखभाल-दुरुस्तीसाठी तो मिळवणं सगळ्यात कठीण जातं.

हे समजून घ्यायला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातलं जामखेड हे उत्तम उदाहरण आहे.

जामखेडमध्ये नेमकं काय झालं?

जामखेड हा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, बीड, धाराशिव आणि सोलापूरला लागून असलेला अवर्षणप्रवण तालुका. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने इथे 'सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प' सुरू केला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेल्या या दोघांनी आधी याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काम केलं होतं.

तिथे त्यांना एक गोष्ट सतत खटकत होती. बरा होऊन घरी गेलेला रुग्ण काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत यायचा. कारण पाणी तेच, उपासमार तीच, समजुती त्याच. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी गावांपासून सुरुवात करायचं ठरवलं.

सुरुवातीला गावांमध्ये नर्स पाठवून पाहिल्या. पण बाहेरून आलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार नसत आणि गावातल्या बायकाही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत नसत. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी आणि तिला प्रशिक्षण द्यावं, असं ठरलं. निवडलेल्या अनेक जणी दलित किंवा गरीब घरातल्या होत्या. कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गरोदर बायांची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, मुलांचं वजन आणि आहार, कुष्ठरोग आणि क्षयरोगाची लक्षणं ओळखणं हे सगळं शिकल्या. प्रशिक्षण एकदाच देऊन थांबलं नाही. ठराविक दिवशी जामखेडला जमायचं, गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायचं आणि त्यातूनच पुढचं शिकायचं, ही पद्धत कायम राहिली.

संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार १९७१ मध्ये प्रकल्पातल्या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला.

२०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रकल्पातल्या गावांची आसपासच्या इतर गावांशी तुलना केली होती. एक महिना ते पाच वर्षं या वयातल्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. घरोघरच्या कामाने काय साधतं आणि कुठे सुसज्ज रुग्णालयाचीही गरज लागते, हे या एका निष्कर्षातून कळतं.

आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे यांना पद्मभूषण देण्यात आला. २००५ मध्ये सुरू झालेल्या 'आशा' योजनेतली गावातलीच आरोग्य कार्यकर्ती ही कल्पना देशात ज्या प्रयोगांतून पुढे आली, त्यात जामखेडचं नाव नेहमी घेतलं जातं.

त्यासाठी पैसा कुठून आला?

बाहेरच्या देणग्यांचा आधार होता. पण प्रकल्प केवळ त्यावर उभा राहिला नाही. जामखेडच्या रुग्णालयात उपचारांसाठी परवडेल असं शुल्क घेतलं जात होतं. गावांनी जागा दिली, श्रमदान केलं. तरुण शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली. आरोग्य कार्यकर्त्या शासनाच्या पगारी नोकर नव्हत्या. त्यांना छोट्या उद्योगांचं शिक्षण आणि कर्जाची वाट दाखवण्यात आली, म्हणजे त्यांचं घर केवळ मानधनावर अवलंबून राहू नये.

१९७२ च्या दुष्काळात प्रकल्पाने पिण्याच्या पाण्याला प्राधान्य दिलं. बोअरवेल घेतल्या, हातपंप बसवले. अनेक ठिकाणी हातपंप दलित वस्तीत बसवले गेले, त्यामुळे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागलं. आरोग्याच्या हिशेबात पाणी आणि जात यांनाही जागा असते, हे त्यातून दिसलं.

या सगळ्यात सर्वात महागडी गोष्ट कोणती होती? यंत्र किंवा इमारत नव्हे. पन्नास वर्षांहून अधिक काळ न थकता सुरू ठेवलेलं प्रशिक्षण आणि पाठपुरावा. देणगीदारांच्या फलकावर या गोष्टीचा फोटो येत नाही.

त्याच जिल्ह्यातलं दुसरं मॉडेल

जिल्ह्याच्या उत्तरेला, राहाता तालुक्यातल्या लोणीत चित्र वेगळं आहे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९७० च्या दशकात प्रवरा मेडिकल ट्रस्ट आणि ग्रामीण रुग्णालय आलं. १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. कालव्याचं पाणी, ऊस आणि सहकार यांच्या जोरावर तिथे मोठी संस्था उभी राहिली.

जामखेडला ना कालव्याचं बारमाही पाणी होतं, ना उसाचा पैसा. म्हणून तिथे कमी खर्चाचं, माणसांवर आधारलेलं काम उभं राहिलं. एकाच जिल्ह्यातली ही दोन उदाहरणं बघितली की लक्षात येतं, निधीचा मार्ग गावाच्या परिस्थितीनुसार निवडावा लागतो. सगळ्यांना एकच साचा लागू पडत नाही.

गावाच्या हातात आज कोणते निधी आहेत?

१. गाव आरोग्य समिती. पूर्ण नाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तिच्यात किमान १५ सदस्य असावेत आणि त्यात निम्म्या महिला असाव्यात. १० हजार रुपयांचा अबंधित निधी या समितीकडे येतो. 'अबंधित' म्हणजे कशावर खर्च करायचा हे गावाने ठरवायचं. स्वच्छता मोहीम, पाण्याची तपासणी, कुपोषित मुलांसाठी मदत, अगदी गरीब घरातल्या रुग्णाला तातडीने दवाखान्यात नेण्याचा खर्च यातून होऊ शकतो. पगार देण्यासाठी हा निधी वापरता येत नाही.

२. उपकेंद्र आणि आयुष्मान आरोग्य मंदिर. साधारण ५ हजार लोकसंख्येमागे, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३ हजारांमागे, एक उपकेंद्र असतं. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्रात जन आरोग्य समिती असते. सरपंच तिचे अध्यक्ष आणि समुदाय आरोग्य अधिकारी सदस्य सचिव असतात. उपकेंद्राचा अबंधित निधी कशावर खर्च होतो, हे विचारण्याची जागा म्हणजे ही समिती.

३. प्राथमिक आरोग्य केंद्र. इथे रुग्ण कल्याण समिती असते. ग्रामीण आरोग्य अभियानाच्या मूळ निकषांनुसार प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला १ लाख ७५ हजार रुपये मिळायचे. अबंधित निधी २५ हजार, वार्षिक देखभाल ५० हजार आणि रुग्ण कल्याण समितीसाठी १ लाख. पुढे या रकमा एकत्र करण्यात आल्या आणि केंद्राच्या वापरानुसार वाटपाची पद्धत आली. बंद पडलेला इन्व्हर्टर, गळकं छत, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी बाकं, संपलेली औषधं तातडीने आणणं अशा गरजांसाठी हा पैसा असतो.

४. ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. शिवाय १५व्या वित्त आयोगाच्या सर्वसाधारण अनुदानात ६० टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती, ४० टक्के अबंधित. गावातल्या बऱ्याच आजारांचं मूळ पाण्यात असतं. त्यामुळे हा बंधित निधीसुद्धा आरोग्याचाच निधी आहे.

हे सगळं 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात आलं तरच पैसे पडतात. आराखड्याची प्रक्रिया साधारणपणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून वेग घेते. मागणी त्या आधी तयार हवी. मार्चमध्ये जाग आली तर वर्ष गेलं. ग्रामपंचायतीने कशावर किती खर्च केला, हे ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं.

मोठ्या कामांसाठी कुठे जायचं?

नवीन इमारत, रुग्णवाहिका, प्रयोगशाळेचं साहित्य ही कामं गावाच्या आवाक्याबाहेरची. त्यासाठी जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, जिल्हा नियोजन समिती, आमदार आणि खासदार निधी हे मार्ग आहेत. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. खासदार कामाची शिफारस करतात, मंजुरी जिल्हा प्रशासनाकडून मिळते.

अशा पत्रात एक प्रश्न मात्र आधीच सोडवलेला असावा. वस्तू मिळाल्यावर ती चालवणार कोण? रुग्णवाहिका आली, पण चालकाचा पगार आणि डिझेल कोण देणार? एक्स-रे मशिन आलं, तर तंत्रज्ञ कुठला? ज्या प्रस्तावात याचं उत्तर नसतं, त्यातली वस्तू दोन वर्षांत झाकून ठेवलेली दिसते.

देखभालीचा पैसा हा जिवाचा प्रश्न का आहे?

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली. किमान ११ रुग्णांचा मृत्यू झाला. हा विभाग कोविडच्या काळातच नव्याने उभारलेला होता. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागात आग लागून १० बाळं दगावली होती. त्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले होते.

वायरिंगची तपासणी, आग विझवण्याची यंत्रणा, कर्मचाऱ्यांचा सराव यांचं उद्‌घाटन होत नाही. त्यामुळे ती कामं यादीत खाली सरकतात. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत कुठल्याही समितीवर तुम्ही असाल, तर 'नवीन काय घ्यायचं' याआधी 'आहे ते सुरक्षित आहे का' हा विषय बैठकीत घ्यायला सांगणं तुमच्या हातात आहे.

रुग्णाच्या उपचाराचा खर्च कोण देतं?

वरचे निधी यंत्रणेसाठी आहेत. एखाद्या रुग्णाच्या मोठ्या उपचारासाठी मार्ग वेगळे आहेत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली राज्याची योजना २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. आधी कुटुंबाला दीड लाखांपर्यंत संरक्षण होतं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते ५ लाखांपर्यंत नेण्यात आलं आणि योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली करण्यात आली. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षं आणि त्यावरच्या ज्येष्ठांना उत्पन्नाची अट नाही. योजनेत असलेल्या रुग्णालयात गेल्यावर आधी 'आरोग्यमित्र' शोधायचा. राज्याच्या योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आणि केंद्राची १४५५५.

धर्मादाय रुग्णालयं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करावी लागते. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत ठेवावं. दाद मागायची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात जाता येतं.

मुख्यमंत्री सहायता निधी. वरच्या योजनांत न बसणाऱ्या महागड्या उपचारांसाठी अर्ज करता येतो. रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि वैद्यकीय कागदपत्रं लागतात. उपचार झाल्यावर अर्ज करण्यापेक्षा आधी केलेला बरा.

गावात काम करणाऱ्या संस्थेला निधी कसा मिळतो?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ संपत्ती, १ हजार कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यातला एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर म्हणतात. आरोग्य, पोषण, स्वच्छता आणि पिण्याचं पाणी या यादीत आहेत. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. त्यामुळे नगर आणि सुपा एमआयडीसीच्या आसपासच्या संस्थांनी आधी तिथलंच दार ठोठावावं.

संस्थेकडे काय हवं?

• धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि दरवर्षीचं लेखापरीक्षण.
• आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी. ती ठराविक काळाने नव्याने करावी लागते.
• सीएसआर-१ नोंदणी. १ एप्रिल २०२१ पासून ती बंधनकारक आहे.
• तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव.
• सरकारी अनुदानासाठी नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंद.

परदेशी देणगीसाठी एफसीआरए नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा मार्ग अरुंद झाला आहे. परदेशी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे आणि एका संस्थेला मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. छोट्या ग्रामीण संस्थांना मोठ्या संस्थांकडून झिरपत येणारा पैसा यामुळे थांबला. आता त्यांचा भर देशातल्या टाटा ट्रस्ट्स, अझीम प्रेमजी फाउंडेशन यांसारख्या न्यासांवर, सीएसआरवर आणि स्थानिक देणग्यांवर आहे.

प्रस्ताव लिहिताना 'आरोग्य जागृती करू' असं मोघम लिहून भागत नाही. किती गावं, किती गरोदर माता, आज किती बाळंतपणं घरी होतात, वर्षभराने त्यात काय बदल दिसेल आणि तो कोण मोजणार, हे लिहावं लागतं. जामखेडच्या कामाची जगाने दखल घेतली, त्यामागे १९७१ पासून ठेवलेल्या नोंदीही होत्या. पहिल्या वर्षी मोजलंच नाही, तर पाचव्या वर्षी फरक दाखवता येत नाही.

मग अडतं कुठे?

सगळ्यात जास्त अडतं ते रोजच्या कामाच्या मोबदल्यावर. आशा कार्यकर्ती कायद्याच्या नजरेत कर्मचारी नाही, 'स्वयंसेविका' आहे. तिला ठरलेल्या कामांप्रमाणे मोबदला मिळतो. वाढीव मानधन आणि ते वेळेवर मिळावं यासाठी महाराष्ट्रातल्या आशांनी २०२१ आणि २०२३ मध्ये राज्यभर संप केले. ज्या बाईच्या भरवशावर लसीकरण, गरोदरपणाची नोंद आणि क्षयरोगाचा शोध चालतो, तिच्या हातातला पैसाच सगळ्यात अनिश्चित आहे.

दुसरी अडचण समित्यांची. अनेक गावांत समिती फक्त कागदावर असते. बैठका होत नाहीत, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात, निधी शेवटच्या महिन्यात घाईने खर्च होतो किंवा परत जातो.

तुमच्या गावात सुरुवात कुठून करायची?

पुढच्या ग्रामसभेत चार प्रश्न विचारता येतील. आपल्या गाव आरोग्य समितीचे सदस्य कोण आहेत? मागच्या वर्षी किती निधी आला आणि कशावर खर्च झाला? या वर्षीच्या गाव विकास आराखड्यात आरोग्याची कोणती कामं आहेत? आपल्या आशाताईंचा मोबदला थकला आहे का?

तोंडी उत्तर मिळालं नाही तर लेखी अर्ज करता येतो आणि माहितीचा अधिकार तर आहेच. हे प्रश्न विचारायला संस्था, नोंदणी किंवा निधी काहीच लागत नाही. ग्रामसभेच्या इतिवृत्तात ते नोंदवून घ्यायला मात्र विसरू नका.